छपराचा उतारा

साखळीच्या बाजारात, कापडाच्या दुकानावर आमची पतसंस्था.
बावीस वर्षं मी इथे कर्जाच्या फायली लावते.

पहिली लावली ती टिपरची.
तेव्हा मागणाऱ्याला खुर्चीत बसवायलाही वेळ नसायचा,
उभ्याउभ्या सही, आणि खाली
हार घातलेला ट्रक हॉर्न वाजवत.
साडेअकरा टक्के. तारणाला ट्रक,
आणि ट्रकामागे न लिहिलेला डोंगर.
डोंगर कुठे जातो?

गेला.
आधी बार्जमधून, भरती बघून, थोडा थोडा.
उरलेला एका दुपारी, एका कागदावर.

सगुण च्यारी ट्रकांचे हौदे जोडायचा.
खाण थांबली त्या वर्षी त्याच्या शेडसमोर
सात टिपर रांगेत येऊन उभे राहिले, ते राहिलेच.
मालक चावी देऊन गेले, पैसे नंतर म्हणाले.
हौद्यांत पाणी साचलं, पाण्यात बेडूक झाले,
डासांची नोटीस सगुणच्या नावावर आली.
एक टिपर त्याने मजुरीपोटी स्वतःच्या नावावर करून घेतला,
त्यावरचं आमचं कर्जही.

यंदा चैत्रात तो आला, खुर्ची ओढून बसला.
आता पॅनेलखालचे सांगाडे बनवतो म्हणाला.
लोखंड तेच, टाका तोच, वजन फक्त हलकं.
गिऱ्हाइकं आहेत.
पण गिऱ्हाईक देणार सबसिडी आल्यावर,
सबसिडी येणार मीटर बदलल्यावर,
मीटर बदलणार साहेब रजेवरून आल्यावर,
आणि वसईचा व्यापारी आगाऊ मागतो,
डॉलर चढला की फोनवरच भाव बदलतो.
"बाय, ऊन रोज सकाळी सातला हजर असतं.
मधले हे आठ महिने तेवढे तुम्ही धरा."

आठ महिने धरणं.
कर्ज म्हणजे दुसरं काय असतं?

समितीने साडेबारा लावले.
नवा धंदा, जोखीम.
सगुणने बोटांवर काहीतरी मोजलं, मग म्हणाला,
"डोंगर संपणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं,
त्याला साडेअकरा.
आणि सूर्याला एक टक्का जास्त?"
चेअरमन चष्मा पुसत म्हणाले,
सूर्य जप्त करता येत नाही.

मग छप्पर.
योजनेचा अर्ज घरमालकाने करायचा,
आणि सगुणच्या घराच्या उताऱ्यावर अकरा नावं.
चार वारलेली, दोन वास्कोला,
एक बोलत नाही,
एक स्विंडनला गोदामात रात्रपाळीला.
त्याने पहाटे व्हॉट्सअॅपवर विचारलं:
सही देतो, पण माझा वाटा कशात धरणार,
कौलांत की उन्हात?

हा रकाना आमच्या छापील अर्जात नाही.
मी शेऱ्यात लिहिलं: कागदपत्रे अपूर्ण.
लिहिताना वीज गेली. घाटापलीकडून येते ती,
कुणाच्या तरी कोळशावर,
कधी कधी वाटेत थांबते.
व्याज मी हातानेच काढलं.

काल डिचोलीहून येताना बस त्याच्या शेडसमोर हळू झाली.
सातांतले सहा केव्हाच भंगारात गेलेत.
सातव्याचा हौदा अर्धवट वर उचललेला,
जणू शेवटची खेप रिकामी करता करता कुणी हाक मारली.
खाली टेकू. पंधरा अंश असावेत, तोंड दक्षिणेला.
हौद्यावर आडवे बसवलेले सहा पॅनेल,
आणि एक काळी वायर, चाकाला वळसा घालून
शेडमध्ये गेलेली. आत ठिणग्या.

सगुण बाहेर आला, मला पाहून हात वर केला,
बस सुटताना ओरडला,
"आरसी बुकावर एकच नाव आहे, बाय! माझं!"

बरोबर आहे.
माझ्या वहीतही तेच नाव आहे,
पान एकशे बारा, थकीत,
टिपर, एक नग.
आज सकाळपासून ते पान उघडं ठेवलंय.
वाहन चालू स्थितीत आहे का, असा एक प्रश्न आहे तिथे,
आणि उत्तरासाठी अर्धी ओळ.